पत्रकात रडायचं नसतं

मी अक्षरं शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ते पत्रकांवर. आमच्या घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. कपड्यांच्या घड्यांखाली पत्रकं, पिठाच्या डब्याखाली पत्रकं. माझ्या पहिलीच्या वह्यांना कव्हरं घातली होती तीसुद्धा उरलेल्या पत्रकांची, छापील बाजू आत करून. अप्पा वाळूजला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होते. ड्यूटी सुटली की वस्तीच्या कुठल्या ना कुठल्या प्रश्नावर पत्रक लिहायला बसायचे. पाण्याचं, रेशनचं, तुंबलेल्या नाल्याचं, गेटवरून परत पाठवलेल्या पोरांचं. लिहून झालं की मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी जिथं अडखळायची तिथं वाक्य लांब झालंय असं समजून ते तोडायचे. अशी मी सातव्या वर्षीच त्यांची संपादक झाले.

पत्रक कसं असावं याबद्दल अप्पांची मतं पक्की होती. एका बाजूत मावलं पाहिजे. काय झालं ते पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. शेवटी मागणी हवी, विनंती नको. आणि पत्रकात रडायचं नसतं.

"आपलं रडणं लोकांना लई आवडतं," ते म्हणायचे. "पेपर बघ. आपल्या बायांचा फोटो कवा छापतेत? ऊर बडवत असल्या तरच. तो फोटो आपण द्यायचा नाय. काय झालं ते सांगायचं, काय पाहिजे ते सांगायचं. बास."

मला हे तेव्हा पटायचं. आजही पटतं. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतोय.

मी चौथीत असताना अप्पांच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनमध्ये गेली. मशीनचं जाळीचं झाकण काढून ठेवलेलं होतं, कारण झाकण लावलं की माल कमी निघतो. तिसऱ्या दिवशी पत्रक निघालं. अप्पांनी ते दवाखान्यातल्या खाटेवरून तोंडी सांगितलं आणि त्यांच्या एका सोबत्यानं लिहून घेतलं. आमची सगळी पत्रकं ज्या चाचांच्या छापखान्यात छापली जायची, त्यांनी दुसरी कामं बाजूला सारून ते दुपारपर्यंत छापून दिलं. गठ्ठा घरी आला. कामगार आमच्या खोलीत गोल करून घड्या घालायला बसले, आणि त्यांच्यात मीही बसले.

पहिली ओळ होती, 'एका कामगाराची दोन बोटं तुटली.' नाव नव्हतं. तो कामगार म्हणजे माझे अप्पा, हे मला माहीत होतं, पण त्या वाक्यात अप्पा नव्हते. मी कडेला कड लावत होते आणि नखानं घडी दाबत होते. एक काका म्हणाले, "बघा रे, वाघीण हाय. डोळ्यात टिपूस नाय." सगळे माझ्याकडे बघून हसले, कौतुकानं. दुसऱ्या दिवशी क्रांती चौकात सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवाल्यांना मी तीच पत्रकं वाटली. कुणी न बघता खिशात कोंबलं, एका बाईनं वाचून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी डोकं बाजूला घेतलं.

माझ्या लहानपणाची सगळ्यात मोठी आठवण मला विचारली असती, तर मी हीच सांगितली असती. पोरगी घाबरली नाही, रडली नाही, पत्रकं वाटत उभी राहिली.

पुढे मी गोष्ट लिहिली ती हीच. आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी सकाळी पोरांसाठी वाचनवर्ग चालतो, तो मी घेते. पोरांना वाचायला जे मिळायचं त्यात मोठ्या बंगल्यातली मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जायची, आणि मला त्याचा राग यायचा. म्हणून मी सोळा पानांची पुस्तिका लिहिली. दोन वेण्या, लाल रिबिनी, अशी दहा वर्षांची पोरगी. तिच्या बापाचा हात मशीनमध्ये जातो. ती एकटी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहते, रोज. उन्हातान्हात उभी राहते. शेवटी गेट उघडतं. मी तिला नाव दिलं नव्हतं. पोरांनीच दिलं, रिबिनवाली.

मजकूर अप्पांनी तपासला. मी एका ठिकाणी लिहिलं होतं, 'तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं.' अप्पांनी डाव्या हातानं पेन्सिल फिरवली आणि केलं, 'तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.' वाक्य छोटं झालं. खरंच जोरदार झालं.

त्याच वर्षी मी विद्यापीठात मानसशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी एक गमतीचं काम दिलं होतं. गोष्टीतलं एक मूल घ्यायचं, ज्याच्यावर काही आघात झाला आहे असं, आणि ते खरोखर आपल्यासमोर आलं आहे असं समजून त्याची माहिती भरायची. झोप कशी आहे, भूक कशी आहे, शाळेत काय करतं, कशाला दचकतं. वर्गात बऱ्याच जणांनी घरी ऐकलेल्या गोष्टींतली पोरं आणली. सावत्र आईनं रानात सोडलेली, नावडत्या राणीची. मी माझी रिबिनवाली आणली, मोठ्या तोऱ्यात. त्या कागदावर एक रकाना होता: 'आधार देणारी मोठी व्यक्ती'. मी लिहिलं, 'कुणी नाही. ती स्वतःच.'

मॅडमनी कागद परत दिला तेव्हा त्या रकान्यापाशी लाल शाईनं लिहिलं होतं, 'मग हिला सांभाळलं कुणी?'

मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन वाद घातला. म्हटलं, "मॅडम, गरिबाच्या पोरांना कुणी सांभाळत नसतं. ती आपोआप खंबीर होतात."

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाकीच्यांचे कागद वाच. रानात सोडलेल्या पोरीला म्हातारी भेटते, नाहीतर गाय भेटते, झाड तरी बोलतं. गोष्ट सांगणाऱ्या अडाणी बायकांनी मुलाला कधी पूर्ण एकटं सोडलं नाही. तू का सोडलंस?"

मला ते बोलणं मऊ वाटलं, घरात पंख्याखाली बसलेल्या माणसाचं वाटलं. मी कागद वहीत ठेवून दिला.

वाचनवर्गात एक पोरगी यायची, पाचवीतली. पुस्तिका तिला तोंडपाठ होती. तिच्या आईला रोज सकाळी दोन घट्ट वेण्या घालाव्या लागायच्या, लाल रिबिनीसकट, रविवारीसुद्धा. तिचे वडील वाळूजहून ड्यूटी करून मोटारसायकलवर येताना रस्त्यात गेले. एका कंटेनरनं उडवलं. पुण्यानुमोदनाचा विधी आमच्याच विहारात झाला. त्यानंतरच्या रविवारी ती वाचनवर्गाला आली. वेण्या तशाच. सतरंजीवर पहिल्या ओळीत येऊन बसली आणि पुस्तिका उघडली.

आणि मी काय केलं ते लिहिते. मी वीसेक पोरांसमोर म्हणाले, "बघा, ही आपली खरी रिबिनवाली." पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही. फक्त पाठ अजून ताठ केली.

तीन आठवड्यांनी तिची आई तिला घेऊन आमच्या घरी आली. दुपारची वेळ होती. माझी आई ज्वारी निवडत होती, अप्पा खाटेवर पेपर वाचत होते. त्या बाईंनी पोरीच्या फ्रॉकची बाही वर सरकवली. दंडाच्या आतल्या बाजूला नखांचे निळे वण होते, एकावर एक.

"रडायला आलं की चिमटे घेती सोताला," त्या म्हणाल्या. "ताई, तुमीच सांगा हिला. माझं ऐकत नाय. मी रडले तर मलाच म्हणती, मम्मी गप बस, लोक बघतेत."

मी खाली बसले. "अगं, असं का करतेस?"

"रिबिनवाली रडत नाय," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तरांनाच धडा येत नसल्यावर पोरं बघतात. "पुस्तकात हाय. पान बारा. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं."

खाटेवर पेपर खाली आला. 

दुसऱ्याच दिवशी मी त्या दोघींना घेऊन सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे गेले. हे काम माझ्या अर्धवट शिक्षणाचं नव्हतं, एवढी अक्कल मला होती. बाईंनी पोरीशी शाळेबद्दल, चित्रांबद्दल गप्पा मारल्या आणि पुढची वेळ दिली. निघताना मला म्हणाल्या, "तिला रडवायचा प्रयत्न करू नका. रडलेलं चालतं, एवढं फक्त तिला आजूबाजूला दिसू द्या." दंड पुन्हा निळा होतोय का, हे तिची आई रोज आंघोळीच्या वेळी बघणार होती. पोरगी पुन्हा सावरणार की हे चिमटे तिच्या अंगात मुरणार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात जयंती जवळ आली. जयंतीच्या स्टॉलवर पुस्तिकेची दुसरी आवृत्ती ठेवायचं आधीच ठरलं होतं. मी चाचांच्या छापखान्यात गेले. चाचांनी आमच्या किती पत्रकांच्या तळाशी औरंगाबाद छापलं असेल, त्याला गणती नाही. आता छत्रपती संभाजीनगर छापतात, आणि ओळ मावत नाही म्हणून अक्षर बारीक करावं लागतं यावर दर वेळी कुरकुर करतात.

मी म्हटलं, "चाचा, एक पान वाढवायचंय. बारा नंतर."

"एक पन्ना नै बढ़ता बेटी, चार बढ़ते." त्यांनी एक कोरा ताव घेऊन घडी घालून दाखवली. "देख. ऐसा मोड़े तो चार. या तो चार लिख के ला, या फिर एक भी नक्को."

घरी येऊन मी हे सांगितलं, तर अप्पा उखडले. "चार पानं रडणार का ती?"

"रडेल एक पान. बाकीचं बघू."

"हे तुझं मानसशास्त्र मालकाच्या सोयीचं हाय बघ. झाकण कुणी काढलं हे राहिलं बाजूला, पोरीला झोप लागती का ते इचारत बसायचं. उद्या म्हणतील, बाई पाठवलीय समजूत काढायला, आता गेटवर कशाला येता?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी ओरडूनच दिलं. "आणि खंबीर म्हणणं कुणाच्या सोयीचं आहे, अप्पा? घर पाडलं, पोरं खंबीर. बाप गेला, पोरगी खंबीर. खंबीर आहे ना, मग द्यायचं काय तिला? तुम्ही पण टाळी वाजवली आणि मी पण वाजवली! मी नऊ वर्षांची असताना सोबत कोण होतं माझ्या? मी एकटी उभी राहिले ना? मला काय झालं?"

आईच्या हातातलं ज्वारीचं सूप थांबलं. आई आमच्या भांडणात कधी पडत नाही. ती पिशोर गावची, तिसरीतून शाळा सुटलेली. पत्रकं तिनं आयुष्यभर उचलून ठेवली, झाडून ठेवली, पण तिच्याकडून कुणी वाचून घेतली नाहीत.

"एकटी?" आई म्हणाली. "मग मी काय वाळूजला होते का?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"सहा महिने हातरूण ओलं करत होतीस तू. चौथीतली घोडी. रोज गोधडी धुवायची मी, आन मागल्या भिंतीवर वाळत घालायची, पुढं नाय. का? तर तुझ्या मैत्रिणीला दिसंल म्हनून. शाळेतनं आलीस की आधी मागं जाऊन बघायचीस, वाळली का. बापाची बोटं मोजायचीस. तीन आली की पुन्हा मोजायचीस, जणू चुकली मोजण्यात. म्हनायचीस, आई तू मोज. मी मोजायची. रडायचीस माझ्या कुशीत तोंड घालून, आन वर म्हनायचीस, काकांना सांगू नको. नाय सांगितलं. आजपावतर नाय सांगितलं."

मला यातलं काही आठवत नव्हतं. आणि मग ती गोधडी आठवली. तिचा वास नाही, रंग नाही, मागच्या भिंतीवर तिची टोकं वाऱ्यानं फडफडू नयेत म्हणून आईनं ठेवलेल्या दोन विटा आठवल्या.

मी माझी गोष्ट लिहिताना अप्पांना ठेवलं, कारखान्याला ठेवलं, गेटला ठेवलं. जिनं मला तिथपर्यंत पोचवलं तिला मात्र मी पहिल्या मसुद्यापासून वगळलं होतं, आणि ते कुणी सांगून नाही. ती पत्रकात बसत नव्हती. तिनं केलेल्या कशातही मागणी नव्हती. सोसलेल्या पोरांबद्दल आम्हाला वर्गात जे शिकवत होते, ते एवढंच होतं की त्यांच्या आत काही पोलाद नसतं, त्यांच्यामागे कुणीतरी असतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, चांगल्या अक्षरात.

त्या आठवड्यात मी चार पानं लिहिली. एका पानावर रिबिनवाली रडली. उरलेली तीन आईची. गोधडी, मागची भिंत, दोन विटा, बोटं मोजणं. गेट तसंच ठेवलं. मागणीही तशीच, एक शब्द कमी न करता. पान बारावरचं वाक्य जसं आधी लिहिलं होतं तसं परत केलं. अप्पांना वाचायला दिलं नाही. थेट चाचांना नेऊन दिलं.

रविवारी विहारात मी नवी पानं हातातल्या कागदांवरून वाचली. त्या पोरीची आई त्या दिवशी परत न जाता दाराशी बसून राहिली होती. मी गोधडीपाशी आले, तसं मागच्या ओळीतलं एक पोरगं ओरडलं, "शी! रिबिनवाली मुतली!"

सगळे खिदळले. पहिल्या ओळीतल्या त्या पोरीनं मान वळवली. "तुझी गोधडी नाय ओली होत का? तुझी आई बोंबलत असती रोज सकाळी, आख्ख्या गल्लीला ऐकू येतं."

आता त्याच्यावर हसू फिरलं. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, मग ती हरली का?"

"नाही. गेटवर गेलीच की ती. आईनं वेणी घालून दिली आणि गेली."

तिनं जुनी पुस्तिका मिटली. बाकी काही झालं नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल. वर्ग सुटला, पोरं चपला शोधायला पायऱ्यांवर धावली.

तिच्या चपलेचा अंगठा तुटला. तेवढंच. दोन पायऱ्या उतरली आणि पट्टी उपसून आली. तिनं चप्पल हातात घेतली, उलटी केली, आणि एकदम तोंड फाटल्यासारखी रडायला लागली. आधी आवाजच फुटेना, मग फुटला तो थांबेना. "पप्पांनी शिवून आणली होती," एवढं मधूनमधून कळत होतं. तिची आई तिच्याशेजारी पायरीवर बसली. गप्प बस म्हणाली नाही. तीही रडत होती. पोरं लांब उभी राहून बघत होती. माझ्या तोंडावर एक चांगलं वाक्य आलं होतं, ते मी गिळलं.

अप्पा तेव्हाच चाचांकडून छापून झालेल्या पुस्तिकांचा गठ्ठा घेऊन आले होते. गठ्ठा अजून खांद्यावरच होता. त्यांनी तो पायरीवर ठेवला. सुतळीत अडकवलेली पिन काढली आणि त्या पोरीसमोर उकिडवे बसले. "दे इकडं ती चप्पल."

तिनं दिली. ते तीन बोटांच्या हातानं चप्पल धरून डाव्या हातानं पिन घालायला लागले. पिन सटकत होती. पोरगी हुंदके देत बघत होती. त्यांच्या हाताकडे.

"आजोबा, तुमची बोटं?"

"गेली. मशीनमध्ये."

तिनं बाहीनं नाक पुसलं. "तुमी रडले होते का?"

अप्पांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "लई."

"कुणापाशी?"

हाच तो रकाना. मॅडमच्या कागदावरचा, मी तोऱ्यात 'कुणी नाही' लिहिलेला. पाचवीतल्या पोरीनं तो पायरीवर बसून विचारला.

"हिच्या आईपाशी," अप्पा मानेनंच माझ्याकडे दाखवत म्हणाले. "दवाखान्यात. ती रोज डबा घेऊन यायची ना, तवा."

इतक्या वर्षांत हे त्यांनी कुठं लिहिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. पिन अखेर आरपार गेली. त्यांनी टोक वाकवून दगडानं ठोकलं आणि चप्पल जमिनीवर ठेवली. ती अजून मुसमुसत होती. तिच्या आईनं एका वेणीची सुटलेली रिबीन काढून मुठीत धरली होती, पुन्हा बांधायची घाई केली नव्हती.

"घाल," अप्पा म्हणाले. "बघ टोचती का."

तिनं पाय पुढं केला.